बाबांचा आवाज

“मॅडमनी तुला काय सल्ला दिला?” आढावा समितीचे अध्यक्ष हिंगमिरे सरांनी विचारलं.

“बँकेची परीक्षा दे म्हणाल्या. मी मधमाश्या पाळते,” रेणुका म्हणाली.

विद्यापीठाचं करिअर मार्गदर्शन केंद्र राहणार की जाणार, हे आज ठरणार होतं. आणि सल्ला न मानणारी ही तिसरी मुलगी. या मॅडम, म्हणजे केंद्राची समुपदेशक विभावरी, समोरच बसली होती.

“मग केंद्राचा उपयोग काय?”

“सर, बाबा कसे ओरडतात ते मॅडम आधी विचारतात, मग तस्संच ओरडतात. ‘बँकेतच जायचं!’ इथे ‘नाही’ म्हणायची सवय झाली, तेव्हा कुठे घरी तोंड उघडलं.”

समिती हसली. अध्यक्षांनी विभावरी सोडून सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि दार लोटलं.

“केंद्र बंद करा, असं कुलगुरूंनी बजावलंय.”

विभावरीचा चेहरा पडला. सरांनी खुर्ची पुढे ओढली.

“मलाही सवय करायचीय. कुलगुरू जरा नाकात बोलतात, जमेल?”