तातू लोहाराची दुखणी

"दोन महिने झाले, भिकाजी," तातू लोहार भाता थांबवून म्हणाला. "एक कोयता सांधायला मला एवढा वेळ लागतो, अशी गावभर बोंब झालीय. गिऱ्हाइकं पलीकडच्या गावात जायला लागली."

"जाऊ देत. तिथला लोहार तुझ्यापेक्षा बराय."

कोयता भिकाजीच्या मुलाचा. नारळ पाडताना रमाकांत माडावरून पडला, तेव्हा कोयत्याचंही पातं दगडावर आपटून मोडलं. रमाकांत आता पुन्हा चालू शकणार नाही, हे डॉक्टरांनी फक्त बापाला सांगितलं होतं. खाटेवरून रमाकांत रोज विचारी, "कोयता झाला?" आणि बाप रोज तातूवर ढकली. आधी त्याने तातूला तापाने आडवं केलं, मग त्याचा भाता फाडला, परवा तर त्याची सासूही मारली.

"सासू तेवढी जिवंत कर. लोक भेटायला येतायत," तातू म्हणाला. "आणि एकदाचं सांग बाबा, सांधू की भंगारात टाकू?"

भिकाजीने दोन्ही तुकडे मांडीवर घेतले. सांधला, तर तो रमाकांतच्या हातात द्यावा लागणार होता. टाकला, तर तसं सांगावं लागणार होतं.

"उद्या बघू," म्हणून तो घरी आला.

"आज काय झालं तातूला?" रमाकांतने विचारलं.

"हात भाजलाय. चांगलाच."



"त्याला आता बरं करा, बाबा," रमाकांत म्हणाला. "कोयता राहू दे."