भोंगा वाजला तेव्हा

भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात बसून वेणीमाधव युक्रेनमधल्या ओक्सानाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. चादरींची डिझाइनं काढायला त्यानं तिला वर्षभरापूर्वी तिथूनच काम करण्याच्या बोलीवर ठेवलं होतं. ती नवी वेलबुट्टी दाखवत असतानाच तिच्या शहरात भोंगा वाजला. ती उठली, धाडकन आवाज झाला आणि स्क्रीन काळी पडली. त्यानं पुन्हापुन्हा फोन लावला, लागेना. रिंग ऐकू यावी म्हणून सगळे माग बंद करायला लावले. "काय झालं वो?" बायको धावत आली. "तिकडं बाँब पडला वाटतं. पोरगी हाय का न्हाय, कळंना." दोघं मोबाइलकडं बघत बसली. संध्याकाळी तो वाजला. तळघरातला तिचा धुळीनं माखलेला चेहरा दिसला. ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "सर, कॉल मध्येच तुटला. मला कामावरून काढू नका."