नव्या गाडीची दृष्ट

फिनलंडच्या आर्तो नुर्मेलाने एकोणीस वर्षं रेसमध्ये गाडी पळवली, तीनदा चॅम्पियन झाला, पण अंगावर साधा ओरखडा नाही. २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नोव्हाय शहरातल्या एका कंपनीची नवी कोरी स्पोर्ट्स कार तोच पहिल्यांदा ट्रॅकवर काढणार होता. तिचे ब्रेक कंपनीतल्या इंजिनिअर ज्ञानदाने डिझाइन केले होते.

"चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी हलवू देऊ नकोस गं," सांगलीहून आईने फोनवर बजावलं. एवढ्या गोऱ्या लोकांसमोर लिंबू चिरडायची ज्ञानदाला लाज वाटली. तिने सगळ्यांची नजर चुकवून ते ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवलं.

तिसऱ्याच वळणावर गाडी न थांबता भिंतीवर आदळली. आर्तोचे दोन्ही पाय गुडघ्यापासून कापावे लागले. ब्रेक का लागला नाही हे बघायला ज्ञानदा मोडक्या गाडीत वाकली, तर पेडलच्या मागे लिंबू अडकलेलं. तिने ते गुपचूप खिशात टाकलं.

घरी येऊन तिने आईला फोनवर अपघाताचं कसंबसं सांगितलं आणि हमसाहमशी रडायला लागली.



"रडू नकोस बाळा. जीव तर वाचला ना त्याचा? लिंबू होतं म्हणून! पुढच्या गाडीला दोन ठेव."