रीफिल आजच

पार्लरमध्ये नखं करायला बसलेल्या क्षिप्रामॅडमचा हात ऐश्वर्याने हातात घेतला आणि ती चक्रावलीच. नखांवरचा जेलचा थर अजून घट्ट बसलेला होता, मुळाशी नवं नख जेमतेम डोकावत होतं.

"मॅडम, इतक्यात कशाला आलात? थर रीफिल करायला अजून वेळ आहे की."

"असू दे गं. जुना थर घासून काढ, नवा पातळसा लाव. लांबी अगदी कमी कर. आणि रंग नको."

दर वेळी लालभडक रंगासाठी हटून बसणारी बाई ही! ऐश्वर्याने नखं घासायला घेतली.

शेजारच्या खुर्चीत मॅडमच्या सासूबाई, सुमतीकाकू, चहा पीत बसल्या होत्या. चांगल्या खुटखुटीत; डोंबिवलीतल्या त्या पार्लरचा जिना एका दमात चढून आलेल्या. "उद्या ही मला खडवलीला नेतेय, नदीवर," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आम्ही दोघीच. मला पोहता येत नाही म्हटलं, तर म्हणते कशी, मी धरते ना तुमचा हात!"

चहा संपवून काकू चपला घालायला दाराशी गेल्या. ऐश्वर्याने हळूच विचारलं, "पण आजच एवढी घाई का, मॅडम?"

"नंतर जमायचं नाही गं. सुतकात नखं कापत नाहीत आमच्याकडे."

"अरे देवा! कोण गेलं?"

क्षिप्रामॅडमनी दाराकडे पाहिलं. काकू वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या.



"अजून कोणी नाही."