चारही चाकांवर

पुढची चाकं जोर लावेनात म्हणून इंग्रिड बाबांच्या जुन्या पिकअपखाली शिरली आणि आसाचं झाकण उघडून बघतच राहिली. फोर-व्हील लावलं की सरकून पुढची चाकं जोडणारं कडं कोरं करकरीत होतं, दात्यांवर एक ओरखडा नाही. त्याला सरकवणारी हवेची नळी कुणीतरी खिळा खुपसून बुजवलेली. "बाबा, हे कधी जोडलंच गेलेलं नाही." "काहीतरीच. आमच्या लग्नात अख्ख्या माँटानाच्या गाड्या बर्फात रुतल्या, चर्चचा चढ आपलीच चढली. चारही चाकांवर." "दोनच, मागच्या. मग चढली कशी? मागे वजन असल्याशिवाय शक्यच नाही." बाबा पाना पुसत राहिले. कॉफी घेऊन आलेली आई थबकली. "तरीच, आर्विड, मला पांढऱ्या झग्यात मागच्या हौद्यात धान्याच्या पोत्यांवर बसवलं होतंस. म्हणे, गावाला नवरी दिसू दे." बाबांनी कॉफी घेतली. "दिसली की नाही?"