खेकड्याच्या नावावर

“आणि ह्या वेळी ग्लू पण वापरू,” डॉक्टर म्हणाले. “गर्भ आतल्या अस्तराला धरून राहायला बरं.”

डॉक्टर दर गुरुवारी कल्याणहून शहापूरला येत. त्यांच्यासमोर समीक्षा आणि तिचा नवरा संदेश बसले होते. मागे भिंतीकडच्या बाकावर तिची सासू धोंडूबाई. शेणवे गावाहून निघताना धोंडूबाईने पाय दोनदा धुतले होते, तरी नखांतला भातखाचराचा चिखल गेला नव्हता.

बाहेर तयार करून गोठवून ठेवलेल्या गर्भांपैकी आता एकच उरला होता. पहिला आत सोडला तेव्हा वेगळं काही केलं नव्हतं. तो राहिला नाही. दुसऱ्याच्या आधी आतलं अस्तर खरवडून घेतलं. त्याला स्क्रॅचिंग म्हणायचं. तोही राहिला नाही. आता स्क्रॅचिंग होतंच, वर दुधासारखं पांढरं सलाईन, आणि ग्लू.

“ह्यानं राहतो का?” समीक्षाने विचारलं.

“आपण सगळे प्रयत्न करायचे.”

“तसं नाय. राहतो का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस खोटं बोलणारा नव्हता, आणि त्यामुळेच समीक्षाला त्याच्यावर धड चिडताही येत नसे. “ग्लूबद्दल थोडं बरं बोललं जातं. बाकी दोन्हींचं खात्रीने नाही सांगता येत. पण फारसं नुकसान नाही.”

“भगत बी हेच बोलला,” समीक्षा म्हणाली. तिच्या दंडाला काळा दोरा होता. धोंडूबाईने सिद्धगडाकडच्या भगताकडून तो आणून बांधला होता.

“अगं, सगळंच करून टाकू ना,” संदेश घाईने म्हणाला. “लास्ट चान्स आहे. एक काहीतरी करायचं राहिलं नि त्याच्यामुळंच गेलं, असं नको व्हायला.”

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले.

समीक्षाला मागची खेप आठवली. रिपोर्ट आला तेव्हा नर्सने विचारलं होतं, जिने चढलात का? नणंदेने विचारलं, पपई खाल्लीस का गो? चार दिवसांनी संदेशनेही विचारलंच, “तू टेन्शन घेतलं होतंस का?” स्क्रॅचिंगला कुणी काही विचारलं नाही.

धोंडूबाईला गप्प बसणं जमत नसे. “बांधाकडचं रोप गेलं रे संदेश. सगळी ओळ कापलीन खेकड्यानं. शेजारचा काळूराम बोलतो, तुमचं रोपच कोवळं होतं. त्याला म्हटलं, तुझ्या डोळ्यांत माती. खेकडाच तो.”

“औषध टाकू या का?” संदेश म्हणाला.

“टाक. नायतर राहू दे. दुसरं रोप लावीन तिथं.”

समीक्षा खुर्चीतच मागे वळली. “आई, पण शेताला कोण काय नाय बोलत?”

“शेताला?” धोंडूबाई हसली. “शेताला काय बोलायचं? शेतानं काय केलंय बिचाऱ्यानं?”

समीक्षा हसली नाही. सासूकडे बघत राहिली. धोंडूबाईचं हसू हळूहळू मावळलं.

डॉक्टर आत आले. “मग, ठरलं ना सगळं?”

“यातलं एक काहीतरी करू नका,” समीक्षा म्हणाली.

“समू, वेडी झालीस का?” संदेशचा आवाज चढला. “एवढं सगळं करून शेवटी एकासाठी…”

“तुमी थांबा.”

“कुठलं नको आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “स्क्रॅचिंगची भीती वाटते का? दुखलं होतं का मागच्या वेळी?”

“कुठलंबी चालंल. मला त्यातलं कळत नाय. तुमालाबी नाय कळत, तुमीच बोललात.” ती बोटांवर मोजू लागली. “सगळं केलंत नि तरी नाय राहिला, तर मग मागं काय उरतं? स्क्रॅचिंग केलं, सलाईन लावलं, ग्लू लावला. कशाचंच चुकलं नाय. मग चुकलं कोणाचं? मीच उरते ना एकटी.”

“तसं कुणीही म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

समीक्षाने संदेशकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता.

“एक राहू द्या,” ती म्हणाली. “नाय राहिला तर सांगता येईल, ते केलं नाय म्हणून गेला. मला एक खेकडा ठेवा.”

“खेकडा?” डॉक्टरांना काही उमगलं नाही. त्यांनी संदेशकडे पाहिलं, पण संदेशने मान वर केली नाही.

मागे बाक करकरला. धोंडूबाई उठून सुनेपाशी आली. तिने समीक्षाची बाही वर सारली आणि काळ्या दोऱ्याची गाठ नखाने उकलू लागली. पावसात भिजून भिजून गाठ आवळली होती. नख लागेना, तशी ती खाली वाकली आणि तिने गाठीला दात लावले. डॉक्टर बघत राहिले. दोरा तुटला.

“दोन खेकडे असू देत गो,” धोंडूबाई म्हणाली.