पायाशी जागा

रिओ शहराच्या जापेरी लोकल गाडीत माल विकायला बंदी. पहारेकरी चढले, की एडिवाल्दो आपला शेंगदाण्याच्या वड्यांचा खोका रोजच्या प्रवासी नेइदेमावशीच्या पायाशी सरकवायचा. “कुणाचा हा?” कुणी विचारलंच, तर मावशी तोऱ्यात म्हणायची, “माझा! नातवाचा वाढदिवस आहे!” आणि सगळा डबा गालातल्या गालात हसायचा.

काल मात्र पहारेकरी पुढ्यातच उभा राहिला. म्हणाला, “उघडा बघू.” “माझा नाही हो,” घाबरलेल्या मावशीच्या तोंडून निघून गेलं, आणि एडिवाल्दोचा आठवड्याचा माल तिच्या डोळ्यांदेखत उचलला गेला.

आज तो पुन्हा चढला, उसन्या मालाचा लहानसा खोका घेऊन. “घ्या हो घ्या! वडी गोड, विकणारा त्याहून गोड!” मावशीला मान वर करवेना. तेवढ्यात दारातून हाळी आली, “आले रे, आले!”

मावशीनं झटकन पाय आखडून घेतले, झग्याचा घोळ आवरला, जागा केली. “इथं ठेव, पोरा. ठेव लवकर.”

एडिवाल्दो वाकला, पण खोका त्यानं शेजारच्या बाईच्या पायाशी सरकवला. हळूच म्हणाला,

“नको, मावशी. काल माझ्यापायी केवढ्या घाबरलात तुम्ही.”